गरम झाला की बंद पडणारा ट्रक आणि एक हरवलेला पुरावा

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याचदा विचारतात: 'तुमचा प्रयोग चालला नाही, तर काय कराल?' आपण बहुतेक जण सांगतो, 'पुन्हा करून बघेन.' मीही तेच सांगितलं होतं. समोरच्या सरांनी विचारलं, 'पुन्हा म्हणजे नक्की काय बदलून?' तेव्हा मला उत्तर आलं नाही. ते मला प्रयोगशाळेत नाही, नंदाखालला मामांच्या वाडीत, एका जुन्या ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घालून उभी असताना मिळालं. आज त्याबद्दल लिहितेय. गाड्यांतलं काही कळत नसेल तरी वाचा, लागेल तेवढं सांगते.

ट्रक फार्गो आहे, सहा सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो अशा नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. मामांच्या वडिलांनी त्यातलाच एक जुना ट्रक घेतला. वाडीतली केळी आणि भाजी त्यातून मुंबईच्या बाजाराला जायची. आता तो वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघतो. जानेवारीत मामेबहिणीचं लग्न होतं, आणि नवरा-नवरीला चर्चपासून घरापर्यंत याच ट्रकमधून आणायचं हे तिने लहानपणापासून ठरवलेलं.

अडचण अशी की ट्रक थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू व्हायचा, झकास चालायचा आणि बोळिंजपर्यंत पोचेतो मिसिंग मारायला लागून बंद पडायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा जसं काही झालंच नाही असा सुरू. गॅरेजवाल्याने पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि सहाही प्लग एका दिवसात बदलले. दोन दिवस ट्रक ठीक वाटला, मग पुन्हा तेच. 'करंटचं सगळं नवीन टाकलंय, म्हणजे करंटचा प्रॉब्लेम नाही,' असा निष्कर्ष निघाला. मग कार्बोरेटर उघडला, पेट्रोल पंप उघडला, टाकी धुतली. दोन महिने गेले. शेवटी सल्ला मिळाला की हे इंजिन काढून डिझेलचं बसवा. मामा जवळपास तयार झाले होते. 'काय करायचं, जुनं झालं ते,' म्हणाले.

'सगळं नवीन, म्हणजे तिथे दोष नाही' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्याबद्दल आहे.

आधी ठिणगी कशी पडते ते बघू. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत ठिणगी पडून ते पेटतं. दाबलेल्या हवेत ती फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि ट्रकची बॅटरी आहे ६ व्होल्टची. हा दाब वाढवायची युक्ती फादर निकोलस कॅलन यांची. हे आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात विज्ञान शिकवणारे कॅथलिक धर्मगुरू. (हे सांगितल्यावर मामांचा या विषयातला रस एकदम वाढला.) १८३६ साली त्यांनी एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेतले. जाड तारेतला प्रवाह चालू असताना काही होत नाही. तो अचानक तोडला की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. किती प्रचंड, ते प्रवाह किती झटकन तुटला यावर अवलंबून.

प्रवाह तोडण्याचं काम ट्रकमध्ये पॉइंट करतात. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता दांडा त्यांना उघडतो-मिटतो. आपल्याकडे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. मला वाटायचं हा कुठलातरी अपभ्रंश असेल. पण डेल्को हे खरंच चार्ल्स केटरिंग यांच्या कंपनीचं नाव, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची आद्याक्षरं. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही पद्धत गाड्यांमध्ये रुळवली ती त्यांनीच. मिस्त्रींच्या तोंडी शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगशाळेचं नाव आहे, आणि हे बहुधा दोघांनाही माहीत नाही.

आता गोम. पॉइंट उघडायला लागतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह थांबायला तयार नसतो. तो उघडत्या फटीतूनच ठिणगी मारून पलीकडे जातो. म्हणजे प्लगवर जायची ऊर्जा पॉइंटवरच जळते, आणि प्रवाह झटकन तुटण्याऐवजी रेंगाळत तुटतो. यावर उपाय १८५३ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढला: पॉइंटच्या बाजूने एक कंडेन्सर जोडायचा. पॉइंट उघडताना प्रवाहाला घटकाभर जायला दुसरी जागा मिळते, तोवर फट पुरेशी रुंद होते. बोटाच्या पेराएवढा डबा, धारिता साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड. पण तो नसेल तर कितीही चांगली कॉइल असो, ठिणगी मरतुकडी पडते.

थोडी आकडेमोड करू, कारण तिच्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. अशा कॉइलच्या जाड तारेतून साधारण ४ अँपिअर जातात. तिचं इंडक्टन्स ७ मिलिहेन्रीच्या आसपास धरा. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, सुमारे ५६ मिलिज्यूल. पॉइंट उघडताच याच जाड तारेच्या टोकाला, म्हणजे कंडेन्सरवर, क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट येतात. बारीक तारेचे वेढे शंभरेक पट असल्याने तिकडे वीस-तीस हजार. म्हणजे बॅटरी ६ व्होल्टची असली तरी कंडेन्सरला दर ठिणगीला काही शे व्होल्ट झेलावे लागतात. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सहा सिलिंडरना सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. आणि हे सगळं तापलेल्या इंजिनाच्या कुशीत.

मी गेले तेव्हा माझ्या डोक्यात दोन शक्यता होत्या. एक, पेट्रोलची नळी तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. दोन, गरम झाल्यावर ठिणगी जाते. दोन्हींचं लक्षण हुबेहूब एकच: गरम झाला की बंद, थंड झाला की सुरू. लक्षणाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी निवाडा होणार नाही. दोन शक्यता जिथे वेगवेगळं भाकीत करतात अशी जागा शोधावी लागते. इथे ती सोपी होती: बंद पडल्याच्या त्या मिनिटाला ठिणगी आहे की नाही?

दोन महिन्यांत हे कोणी बघितलंच नव्हतं. प्रत्येक वेळी ट्रक ओढून गॅरेजमध्ये नेईपर्यंत तो थंड व्हायचा आणि तिथे तपासणीत सगळं 'ओके' यायचं. दोष ज्या अवस्थेत दिसतो ती अवस्था सोडून बाकी सगळ्या अवस्थांत मोजमाप झालं होतं. हसू नका, मी स्वतः पातळ फिल्मची गळती एक वर्ष कोरड्या हिवाळ्यात मोजली आणि पावसाळ्यात नमुने का बिघडतात म्हणून डोकं धरून बसले होते.

म्हणून आम्ही ट्रक अंगणातच चालू ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो मेला. कॉइलमधून डेल्कोच्या कॅपला जाणारी मधली जाड तार काढली, तिचं टोक लाकडी चिमट्यात धरून इंजिनाच्या लोखंडापासून पाऊण सेंटिमीटरवर ठेवलं आणि मामेभावाला सेल्फ मारायला सांगितलं. थंड असताना इथे निळी, कडकडीत ठिणगी पडत होती. आता अधूनमधून पिवळट, केसासारखी. (हे करताना पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा, आणि तार हातात धरू नका.) पेट्रोलची शक्यता पहिल्या पाच मिनिटांत मागे पडली. शिवाय तार कॅपच्या आधीच काढलेली, त्यामुळे कॅप, रोटर आणि प्लगही यातून सुटले. पावसाळी दमटपणाने कॅपमध्ये करंट फुटतो असं एका शेजाऱ्यांचं मत होतं. ते अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात अगदी रास्त आहे, पण तो दोष इंजिन तापल्यावर कमी व्हायला हवा, वाढायला नको.

उरले कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला एक छोटा बल्ब जोडला. सेल्फ मारल्यावर तो नीट लुकलुकला. म्हणजे कॉइलपर्यंत वीज येतेय आणि पॉइंट उघडताहेत-मिटताहेत. पॉइंट काढून बघितले तर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. नव्या पॉइंटची दोन महिन्यांत ही दशा झाली, तर संशय कंडेन्सरवर जातो. पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे, आणि कॉइलही तितकीच तापलेली होती.

इथे मोह होतो की दोन्ही बदलून टाकू. आम्ही फक्त कंडेन्सर बदलला. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक साधा फिल्म कपॅसिटर होता, ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा. जुन्याची तार सोडवून हा जोडला. सोडवणं महत्त्वाचं, कारण गळका कंडेन्सर तसाच ठेवून बाजूला चांगला जोडला तर गळती जात नाही. ट्रक तापलेलाच होता. सेल्फ मारला, सुरू झाला. अर्धा तास चालला. मग मी मुद्दाम पुन्हा पहिला कंडेन्सर जोडला. मामा वैतागले, 'चालतोय ना, मग आता कशाला?' काही मिनिटांत ट्रक मेला. परत माझा जोडला, सुरू झाला. या तिसऱ्या पायरीशिवाय मी काहीच म्हणू शकले नसते. पहिल्यांदा तो योगायोगाने किंवा हात लागून ढिली तार घट्ट झाल्यानेही सुरू झाला असता.

मग त्या 'नव्या' कंडेन्सरची चौकशी. मल्टिमीटरने धारिता ०.२३ आली, अगदी पुस्तकातली. मामेभाऊ म्हणाला, 'बघ, चांगलाय.' पण मल्टिमीटर त्याला दोन-चार व्होल्टवर तपासतो, आमचा बल्ब ६ व्होल्टवर. तेवढ्यावर तो शहाण्यासारखा वागत होता. ट्रकमध्ये त्याला काही शे व्होल्ट झेलायचे असतात, तेही तापलेले असताना. वायरिंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या एकाकडून ५०० व्होल्टचा मेगर आणला. थंड कंडेन्सरने तो दाब आरामात झेलला. मग कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ८० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला आणि लगेच मेगर लावला. काटा शून्यावर. थंड झाल्यावर काटा हळूहळू परत वर. आतल्या दोन पत्र्यांमधलं विद्युतरोधक उष्णता आणि दाब एकत्र आल्यावरच हार मानत होतं, नुसती उष्णता किंवा नुसता दाब त्याला चालत होता.

म्हणजे नवा टाकलेला भागच सदोष होता, आणि 'नवीन आहे' या एका शब्दामुळे दोन महिने त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. तुमच्या प्रयोगशाळेत ताजी बाटली, कालच कॅलिब्रेट करून आलेलं उपकरण, सीनियरने दिलेला कोड, हे सगळे असेच 'नवे कंडेन्सर' असू शकतात.

लग्नाला ट्रक चर्चपासून घरापर्यंत आला, बँडच्या मागे, चालण्याच्या वेगाने, पाऊण तास. माझा कपॅसिटर अजून तिथेच आहे, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला.

पण एक गोष्ट राहिली आणि ती मला सारखी टोचते. ट्रक सगळ्यात पहिल्यांदा बंद पडू लागला तेव्हा हा कंडेन्सर त्यात नव्हताच. तो नंतर आला. मग मूळ दोष कशात होता? जुन्या कंडेन्सरमध्ये? कॉइलमध्ये? की पॉइंट नुसते घासून गेले होते? चार वस्तू एका दिवशी बदलल्या आणि काढलेल्या चारही भंगारवाल्याकडे गेल्या. त्या मिळाल्या असत्या तर एका दुपारी, एक-एक करून, ट्रकवर लावून बघता आल्या असत्या. मी भंगारवाल्याकडे जाऊनही आले, पण माल केव्हाच पुढे गेला होता. मामांनी आता बिस्किटाचा एक रिकामा डबा ठेवलाय. ट्रकमधून काढलेली प्रत्येक वस्तू तारखेची चिठ्ठी बांधून त्यात जाते. सध्या त्यात एकच कंडेन्सर आहे.