वेब अनुप्रयोगाचे कामगिरी मापन

वेब अनुप्रयोगाचे कामगिरी मापन म्हणजे संकेतस्थळाचा वेग व वापरकर्त्यांच्या कृती यांची पद्धतशीर नोंद होय. पान उघडण्यास लागलेला वेळ, बटण दाबल्यावर मिळालेला प्रतिसाद आणि अर्जाची पूर्ण झालेली पायरी यांची नोंद न्याहाळकातच होऊन ती सर्व्हरकडे पाठवली जाते. गूगलच्या निकषांनुसार पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा. २०० मिलिसेकंदांत प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये लागू झाला. हे निकष ७५ व्या शतमकावर तपासतात, कारण सरासरीत संथ जोडणीचे वापरकर्ते झाकले जातात. मुंबईत चटकन उघडणारा पीक विम्याचा अर्ज धुळे जिल्ह्यातील नरडाणा येथे कमकुवत मोबाइल जोडणीवर अर्धवट राहू शकतो. तो कोणत्या पायरीवर सुटला, हे घटनानोंदींवरून कळते. नोंदींत आधार क्रमांकासारखा वैयक्तिक तपशील घेणे टाळतात.