कामाचे ओझे आणि मनाचे आरोग्य

फौंड्रीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत वाळूची बारीक धूळ साचते आणि पुढे त्याला सिलिकोसिस जडतो, हे उद्यमबाग ज्यांच्या परिचयाचे आहे त्या बेळगावकरांना नव्याने सांगावयास नको. या रोगाला त्या कामगाराचा स्वभाव कारणीभूत आहे असे कोणी म्हणत नाही. 'फुप्फुसे जरा कणखर कर' असा उपदेशही त्याला कोणी करीत नाही. धूळ उडते ती जागा बंदिस्त करा, ती ओढून घेणारे पंखे बसवा, आणि एवढे करूनही जी उरेल तिच्यासाठी नाकावर मास्क द्या, असा क्रम औद्योगिक आरोग्यशास्त्र सांगते. मास्क सर्वांत शेवटी येतो.

मनाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. बँकेतील कारकून किंवा शाळेतील शिक्षिका कामाने खचली, की 'मनच कमकुवत' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. फार तर ध्यानधारणेचे शिबिर सुचवितो. ध्यानधारणेला माझा विरोध नाही, पण ती मास्कच्या जागी आहे. धूळ कोठून येते हा प्रश्न शिल्लकच राहतो. कामाच्या रचनेतून आणि तेथील माणसांच्या वागणुकीतून मनाला अपाय करणारी जी कारणे उद्भवतात, त्यांना आता 'मनोसामाजिक धोके' म्हणतात. शब्द जरा अवजड आहे, परंतु त्यात दोष माणसाऐवजी कामाकडे पाहून शोधला जातो, हे महत्त्वाचे.

हा विचार केवळ सहानुभूतीतून आलेला नाही. १९६७ साली लंडनमधील सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी सुरू झाली. सतरा हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी करून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग, जबाबदारीने येणारा, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. निष्कर्ष अगदी उलट निघाला. निरोप्ये आणि द्वारपाल अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत मृत्यूचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरून पाहिली. त्यांनी या तफावतीचा काही भागच उलगडला. ही माणसे उपाशी नव्हती, उघड्यावर राहत नव्हती, सगळीच एका शहरातील सरकारी नोकर होती. १९८५ पासून दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची दुसरी पाहणी झाली, तेव्हा एक महत्त्वाचा धागा हाती लागला: स्वतःच्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक.

दरम्यान १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने हेच सूत्ररूपाने मांडले होते. कामाची मागणी जास्त आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा कमी, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या की ताण घातक होतो. नुसती मागणी जास्त असेल तर माणूस त्यातून शिकतोही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे काम कठीण असते, पण सुरी कशी चालवायची हे तो स्वतः ठरवितो. उलट बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावरील बसचालक पाहा. वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले, रहदारी त्याच्या हातात नाही, उशीर झाला की प्रवाशांची बोलणी त्यालाच. मध्येच उतरून पाठ मोकळी करण्याचीही सोय नाही. जर्मनीतील योहानेस झिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये यात आणखी एक भर घातली. कष्ट आणि मोबदला यांचा तोल ढळला की प्रकृती ढासळते, आणि मोबदल्यात पगाराबरोबर मान व नोकरीची शाश्वतीही मोडते. वर्षावर्षाच्या नेमणुकीवर शिकविणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांना हे कळावयास आलेखाची गरज पडू नये.

तासांचा हिशेबही झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकाराने दगावली. जपानी भाषेत अतिश्रमाने येणाऱ्या मरणाला 'कारोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे. तेथील एका मोठ्या जाहिरात संस्थेतील २४ वर्षांच्या तरुणाने १९९१ मध्ये अतिश्रमापायी आत्महत्या केली. अतिकामाने नोकराचे शरीर वा मन बिघडू नये याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्या खटल्यात दिला.

मग करावयाचे काय? ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने २००४ मध्ये तपासणीसाठी सहा बाबी ठरविल्या: कामाची मागणी, त्यावरील ताबा, मदत, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची रीत. २०२१ मध्ये आय.एस.ओ. ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकही निघाले. कागद पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात लागतात त्या साध्या गोष्टी: पाळ्यांचे वेळापत्रक आठवडाभर आधी कळणे, एका माणसाला दोन वरिष्ठांनी परस्परविरोधी हुकूम न देणे, रात्री दहाला आलेल्या फोनचे उत्तर सकाळी दिले तरी चालणे. मात्र हे ठरविताना काम करणाऱ्यालाच विचारले पाहिजे. धूळ कोठे उडते हे भट्टीपाशी उभा असणारा जाणतो.

आपल्या देशात लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती सक्तीची करतो. दमदाटी, अपमान, अवाजवी लक्ष्ये यांबाबत इतकी नेमकी तरतूद नाही. म्हणून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी पगाराबरोबर तास किती, सुटीच्या दिवशी बोलावतात काय, हाताखाली कोणाच्या काम करावे लागेल, आपल्या आधीचा माणूस का गेला, हेही विचारून घ्यावे. तक्रार तोंडी न करता तारखेसह लेखी करावी. आणि झोप उडाली, कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येऊ लागला, तर सांगण्यात संकोच नको. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो, आणि धारवाडचे डिमहान्स रुग्णालय येथून काही फार दूर नाही.