आवाजाच्या मागे राहणारी गोळी

५० मीटर रायफल नेमबाजीत वापरले जाणारे .२२ लाँग रायफल काडतूस मुद्दाम धीमे ठेवलेले असते. त्यातली शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसात तिचा नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर राखतात. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे गोळी त्याच्या जरा मागेच राहते.

असे का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. आडवा वारा गोळीला किती सरकवणार, हे केवळ ती किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. हवेच्या अडथळ्याने तिला किती उशीर झाला, यावर ठरते. आवाजाच्या वेगाच्या आसपास हा अडथळा एकाएकी वाढतो. सेकंदाला ३८० मीटरने सुटलेली शिकारीची .२२ गोळी त्या पट्ट्यात झपाट्याने वेग गमावते. ती लक्ष्यावर आधी पोहोचते खरी, पण बाजूला जास्त सरकून. ‘वेगवान तेच सरस’ हा समज इथे साफ खोटा ठरतो.

या काडतुसाचे मूळ दिवाणखान्यातल्या करमणुकीत आहे. फ्रान्समध्ये त्यासाठी बंदुका बनवणाऱ्या फ्लोबेरने १८४५ मध्ये ठिणगीच्या टोपीवरच छोटी गोळी बसवली. दारू वेगळी नव्हतीच. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट आणले, आणि १८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल.

बांधणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पितळी नळकांड्याच्या बुडाशी पोकळ कड असते. पेट घेणारे मिश्रण ओले असतानाच नळकांडे गरगर फिरवून त्या कडेत पसरवतात. घोडा दाबल्यावर पिन कड चेपते, मिश्रण पेटते आणि त्यावर दारू. शिशावर मेणासारखे वंगण असते. नळीच्या आत त्याचा थर बसतो, म्हणून काडतुसाचा ब्रँड बदलला की पहिल्या काही गोळ्या भरकटतात. नव्या वंगणाचा थर बसेपर्यंत नेमबाज त्या हिशेबात धरत नाही.

मोठ्या रायफलींचे शौकीन रिकामी नळकांडी पुन्हा भरतात, दारू तोलतात, आपल्या बंदुकीला मानवणारे माप शोधतात. .२२ मध्ये ती सोय नाही. एकदा चेपलेली कड पुन्हा कामी येत नाही, तिच्यात मिश्रण भरणेही व्यवहार्य नाही. त्यामुळे या खेळातले कसब भरण्यातून निवडण्यात गेले.

एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट (उत्पादनाच्या खेपा) एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणून काडतुसे बनवणाऱ्या इले कंपनीच्या ब्रिटनमधल्या किंवा लापुआच्या जर्मनीतल्या चाचणी केंद्रात रायफल पक्की जखडतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून छिद्रांचा पुंजका मोजतात. पुंजका सर्वांत घट्ट येईल तो लॉट नेमबाज घाऊक विकत घेतो. दुसऱ्याच्या रायफलीला तोच लॉट मानवेल याची मुळीच खात्री नाही.

एवढी चिकित्सा अनाठायी वाटेल, पण ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, तिथे केसभर फरकही पदक हिरावतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघा टेकून, पालथे आणि उभे राहून) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले.

थंडीत हिशेब आणखी नाजूक होतो. शून्य अंशाला आवाजाचा वेगही ३३१ मीटरवर उतरतो आणि गोळी त्या अडचणीच्या पट्ट्याच्या अगदी जवळ येते. दारूही गारठ्यात थोडी मंद जळते, त्यामुळे गोळीचा वेगही काहीसा घटतो. म्हणून चोखंदळ नेमबाज स्पर्धेच्या हवामानाचाही विचार करतात. निवडलेला लॉट मात्र कधीतरी संपतोच. मग पुन्हा रायफल जखडायची आणि नवे लॉट तपासायचे.