पक्षाघातानंतर : घाई नको, खंडही नको

पक्षाघाताच्या रुग्णाला इस्पितळातून घरी सोडले की संकट टळले, असे कुटुंबीयांना वाटते. जीव वाचलेला असतो हे खरे. परंतु हात उचलत नाही, पाय ओढत चालावे लागते, शब्द ओठांवर येऊन अडतात. बरे होण्याचा दीर्घ काळ येथूनच सुरू होतो आणि त्याचा बराचसा भार घरावर पडतो.

गुठळीमुळे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबला किंवा रक्तवाहिनी फुटली की तेथील पेशी मरतात. त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र निरोगी भागांत नवे जोड तयार होऊन गमावलेल्या कामाचा काही भार ते उचलू शकतात. हे घडते ते एकच कृती पुनःपुन्हा केल्याने. पहिल्या ३ महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण सराव सुटला नाही तर वर्षानंतरही प्रगती होऊ शकते.

म्हणूनच मायेपोटी सारे काही आपणच करून देणे रुग्णाच्या हिताचे नसते. सदऱ्याची बटणे लावायला त्याला १० मिनिटे लागत असतील, तर ती द्यावीत. न वापरलेला हात मेंदूच्या हिशेबातून हळूहळू वगळला जातो. उठवताना मात्र दुबळा हात धरून ओढू नये. सैल पडलेल्या खांद्याला त्यामुळे इजा होते. आधार कसा द्यावा, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे.

जेवणाकडेही लक्ष हवे. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असल्यास पाणी, चहा किंवा पातळ पेज श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्यावेत; वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

वाचा गेली म्हणजे समज गेली, असे नव्हे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली. त्याला बोललेले बरेचसे समजत असे, पण तोंडून जवळजवळ एकच अक्षर निघे. अशा रुग्णासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे क्रूरपणाचे ठरते. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. साधे वाक्य न जमणाऱ्या माणसाला कधी कधी वर्षानुवर्षांच्या पाठांतरातली आरती म्हणता येते. गोव्यातील घरांत कोकणी आणि मराठी दोन्ही नांदतात. त्या दोन्ही सारख्याच वेगाने परततील असे नाही. जी आधी येईल, तिच्यातच बोलावे.

सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. व्यायाम टाळणे हा दरवेळी आळस नसतो. या नैराश्यावरही उपचार आहेत. सेवा करणाऱ्यालाही विश्रांती हवी. सारा भार सुनेवर किंवा पत्नीवर टाकून चालत नाही.

बरे वाटू लागले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पुन्हा तोंड वाकडे झाले, हातातले बळ गेले किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर कळवावे.

सारेच पूर्ववत होईल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. मात्र गेल्या महिन्यात न जमलेले या महिन्यात काय जमले, याची नोंद वहीत ठेवावी. रोज पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटणारी सुधारणा त्या वहीत दिसते.