आपली गोळी त्याला नको

उसाचा हंगाम सुरू झाला की शेवगावकडून बोधेगाव, पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. वस्त्यांवरची राखणीची कुत्री अशा वेळी हमखास चाकाशी सापडतात. त्यातून वाचलेलं कुत्रं तीन पायांवर लंगडत घरी येतं, रात्रभर कण्हतं. मग आजोबांच्या गुडघेदुखीच्या पट्टीतली अर्धी गोळी भाकरीत दडवून त्याला चारली जाते. मायेपोटीच! पण ज्या दुखापतीतून ते उठून बसलं असतं, तिच्यापेक्षा ही गोळीच त्याला महागात पडते.

ठणका आणि सूज ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे येते, तेच पोटाचं अस्तर जपतं आणि मूत्रपिंडाला रक्त पुरतं ठेवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्या त्यालाच रोखतात आणि कुत्र्याला हे आपल्याहून फार कमी सोसतं. नेप्रोक्सेन माणसाच्या रक्तात निम्म्यावर यायला 12 ते 17 तास लागतात, कुत्र्याच्या रक्तात सुमारे 3 दिवस. पित्तावाटे आतड्यात उतरलेलं औषध पुन्हा रक्तात शिरत राहतं. दुसऱ्या दिवशीची गोळी पहिलीवरच साचते. मग उलट्या, डांबरासारखी काळी विष्ठा, पोटात व्रण आणि शेवटी मूत्रपिंड निकामी.

पॅरासिटामॉल सौम्य वाटतं. पण मात्रा चुकली तर यकृत जातं, हिरड्या तपकिरी पडतात, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी.

कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही औषधं आहेत, पण तीही डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची. मेलॉक्सिकॅम साधारण पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पुढे 0.1 असं देतात. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला रोज 1 मिलिग्रॅम. माणसाची सर्वांत लहान गोळी 7.5 ची, अर्धी केली तरी जवळपास चौपट. सोबत स्टिरॉइड गेलं तर धोका आणखी वाढतो. आतून रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरही ही औषधं लगेच देत नाहीत.

डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आली ती गिधाडं वाचवण्यासाठी: औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती संपत चालली होती. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाली. माणसांच्या गोळ्या मात्र मेडिकलमध्ये आहेतच, आणि घरातल्या डब्यातही.

कुत्रं जखमी झालं तर त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचला आणि दवाखाना गाठा, किंवा पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर फोन करा. वेदनेत ते मालकालाही चावतं, म्हणून तोंडाला फडकं बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका. गोळी आधीच दिली असेल तर लपवू नका. पट्टी सोबत न्या. किती दिली, कधी दिली ते सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, त्या मिठानेही विषबाधा होते.