शाळेपूर्वीची शिदोरी

मूल अभ्यासांत मागें पडलें कीं आपण मास्तरांस बोल लावतों. त्याची उंची मात्र कोणी मोजीत नाहीं. मध्य अमेरिकेंतील ग्वातेमाला देशांत १९६९ ते १९७७ या काळांत चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत दुधाची भुकटी घातलेली पौष्टिक पेज, उरलेल्या दोहोंत नुसतें गोड सरबत. पेज प्यालेलीं बालकें उंच झालींच. शिवाय मोठेपणीं वाचनाच्या परीक्षेंतही तींच सरस ठरलीं, आणि मुली तर सरासरीनें एक इयत्ता अधिक शिकल्या. वाचकभगिनींनीं एक गोष्ट मात्र ध्यानांत घ्यावी: तिसऱ्या वर्षानंतर दिलेल्या पेजेनें उंचींत फारसा फरक पडला नाहीं. शाळेंतील दुपारचें जेवण हवेंच. पण या कामीं तें उशिरा येतें.