शुगर बेथला माफी स्वस्तात मिळत नाही

सुझन एलिझाबेथ फिलिप्स यांच्या ‘एन्ट शी स्वीट?’ (2004) या कादंबरीची नायिका शुगर बेथ शाळेत सगळ्यांना छळायची. मिसिसिपीतल्या आपल्या गावी ती परतते तीही माफी मागायला नव्हे, वारशातलं मौल्यवान चित्र शोधायला. तरी तिचं बदलणं पटतं, कारण ती त्याचा गाजावाजा करत नाही. ज्या शिक्षकावर खोटा आळ घेऊन तिने त्याची नोकरी घालवली, तोच कॉलिन आता तिच्या माहेरच्या घराचा मालक आहे आणि तिला घरकामाला ठेवतो. हा तर उलटा छळच, असा आक्षेप येईल. बरोबरच आहे, पण लेखिका त्या सूडाला न्याय म्हणत नाही, गावाचा सूड उघडाच पाडते. नायिकेची दुःखं दाखवून सहानुभूती उकळली, असंही म्हणता येईल. मात्र ज्या सावत्र मुलीच्या देखभालीसाठी तिला पैसा हवाय, तिचं नाव ती गावात ढालीसारखं पुढे करत नाही.